खाडीचं पाणी गावात का शिरतं? भरती, खारबांध, पूररेषा आणि सीआरझेड : ठाणे-कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठच्या गावांसाठी सविस्तर माहिती

ठाणे : समुद्राची पातळी वाढतेय, अशी बातमी आली की कल्याण, भिवंडी किंवा अंबरनाथ तालुक्यातला माणूस ती मुंबईची किंवा अलिबागची बातमी समजून पुढे सरकवतो. त्याचंही चुकत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि उत्तनचा भाग सोडला तर ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्रकिनारा जवळजवळ उरलाच नाही. पण समुद्र जिल्ह्यात येतो तो किनाऱ्यावरून नाही, खाडीतून येतो. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी वसई खाडीतून आणि ठाणे खाडीतून आत घुसतं, घोडबंदर, कशेळी, काल्हेर, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवलीचं मोठागाव करत कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली येऊन उभं राहतं. किल्ल्याखाली मराठ्यांचं आरमार उभारलं गेलं ते याच पाण्याच्या जोरावर. आता त्याच पाण्यामुळे शेतं, नळाचं पाणी आणि जमिनीचे कागद अशा तिन्ही गोष्टींत अडचणी येऊ लागल्या आहेत.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत ती कल्याणकडे येते. वाटेत तिला बारवी मिळते, कल्याणच्या परिसरात काळू येऊन मिळते आणि काळूमधून भातसाचंही पाणी येतं. म्हणजे कर्जत, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर एवढ्या मोठ्या मुलखात पडलेला पाऊस शेवटी कल्याणच्या खाडीत येतो. पुढे ठाण्याजवळ एक फाटा दक्षिणेला ठाणे खाडीत उतरतो आणि मुख्य पाणी पश्चिमेला वळून वसई-भाईंदरजवळ समुद्राला मिळतं.

डोंगराचं पाणी खाली येतंय आणि समुद्राचं पाणी वर चढतंय, अशी ही जागा आहे. दोन्ही एकाच वेळी आली तर मधल्या गावांना जायला जागा नसते. २६ जुलै २००५ ला हेच झालं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला म्हणून सगळ्यांना मुंबई आठवते. पण त्याच दिवशी बदलापूर, कल्याण, भिवंडीचे कितीतरी भाग पाण्याखाली होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी आणि चालवत बाहेर काढावं लागलं. ती जागा भरतीच्या टप्प्यात येत नाही, तिथं निव्वळ नदीचा पूर होता. कल्याणच्या खाली मात्र पूर आणि भरती वेगळे करता येत नाहीत.

म्हणून पावसाळ्यात मोबाईलवर दोन आकडे एकत्र बघायची सवय लावून घेतली पाहिजे. एक, बदलापूरला उल्हासची पातळी किती आहे. तिथं इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरतात. दुसरा, त्या दिवशी मोठी भरती किती वाजता आहे. बदलापूरला फुगलेलं पाणी कल्याणला पोहोचेपर्यंत भरती चढत असेल तर खाडीकाठच्या वस्तीनं वाट बघत बसू नये, सामान वर टाकावं आणि जनावरं सोडून उंचावर न्यावीत.

'४.८ मीटरची भरती' म्हणजे नेमकं काय?

दर पावसाळ्यात 'आज ४.८ मीटरच्या लाटा' असे मेसेज फिरतात. त्या लाटा नसतात. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आकडा असतो आणि तो रस्त्यापासून किंवा शेतापासून मोजलेला नसतो. नौकानयनाच्या नकाशासाठी ठरवलेल्या एका खालच्या पातळीपासून तो मोजतात. मुंबईला समुद्राची सरासरी पातळी त्या शून्यापासून साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही सरासरी समुद्रपातळीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर वर चढलेलं पाणी. तुमच्या बांधाचा माथा सरासरी समुद्रपातळीपेक्षा किती वर आहे हे एकदा मोजून घेतलं की या मेसेजचा खरा अर्थ लागतो. बहुतेक गावांनी हे कधी मोजलेलंच नाही, आणि काम तसं मोठं नाही.

आगरी-कोळी घरांतल्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांगाचे. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोबही सोपा आहे : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशोब मुंबईच्या तोंडाशी जुळतो. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे काल्हेरची वेळ वेगळी आणि कल्याणची आणखी वेगळी. वेधशाळेच्या आणि महापालिकेच्या तक्त्यांत छापलेली वेळ मुंबईची असते हे विसरलं तर घोटाळा होतो. मुंबईत ओहोटी लागली म्हणून कल्याणला पाणी लगेच उतरत नाही.

समुद्र वाढतोय म्हणजे किती?

मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटी मोजण्याचं यंत्र आहे. हिंदी महासागरातल्या अशा जुन्या नोंदींवरून भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय की १८७४ ते २००४ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरनं वाढली. १९९३ ते २०१७ या काळात मात्र हा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर झाला.

३.३ मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही. पण तीस वर्षांत हे जवळपास चार इंच होतात. आणि वेग तेवढाच राहणार असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीनं २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी, प्रदूषण झपाट्यानं कमी केलं तर साधारण एक ते पावणेदोन फूट आणि ते वाढतच गेलं तर दोन ते सव्वातीन फूट वाढू शकते. ही वाढ १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत आहे.

चार इंचांनी काय होतं, हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. खारबांध हा मोठ्यात मोठ्या उधाणापेक्षा थोडाच वर बांधलेला असतो. तो 'थोडा' भाग म्हणजेच ते चार-सहा इंच. जे पाणी पूर्वी वर्षातून एखाद्या दिवशी बांधाच्या माथ्याला टेकायचं, ते आता दर मोठ्या उधाणाला टेकतं. दुसरं, शेतातलं आणि गटारातलं पावसाचं पाणी खाडीत कधी उतरतं? खाडी त्याच्यापेक्षा खाली असेल तेव्हाच. खाडी चार इंच वर राहिली तर उघाडीचं दार उघडायची वेळ प्रत्येक ओहोटीला कमी होते. आत पाणी साचतं, रोपं कुजतात, आणि शहराच्या बाजूला 'नालेसफाई झाली नाही' म्हणून ओरड होते. नाला साफ असतानाही पाणी तुंबू शकतं, कारण नाल्याचं तोंड भरतीखाली असतं. नालेसफाईचा प्रश्न आहेच, पण सगळा राग तिथंच काढला तर निम्मं कारण सुटून जातं.

खारबांध : जुनी विद्या आणि आजची अडचण

कोकणातल्या खाडीकाठची भातशेती बांधावर उभी आहे. चिकणमातीचा बांध, बाहेरच्या बाजूला दगडाची पिचिंग आणि ठरावीक जागी उघाडी. उघाडीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं : ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर जातं, भरती आली की तिच्याच दाबानं दार मिटतं. वीज नाही, मोटर नाही. गोव्यातल्या खाजन शेतीत हीच रचना आहे, तिथं उघाडीला मानस म्हणतात.

पूर्वी बांधाची डागडुजी गावकीनं होत असे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसाठी कायदा झाला, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. कोकणात एकूण ५७५ खारभूमी योजना असून त्यांची देखभाल जलसंपदा विभागाखालच्या खारभूमी विकास यंत्रणेकडे आहे. याशिवाय अनेक बांध खासगी म्हणजे शेतकऱ्यांनीच घातलेले आहेत. तक्रार घेऊन जाण्याआधी गावानं पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : आपला बांध शासकीय योजनेत आहे की खासगी? अनेक अर्ज केवळ या एका मुद्द्यावर इकडून तिकडे फिरत राहतात.

आता खरी अडचण. बांधाला खांड गेली आणि ती एक-दोन हंगामांत बुजली नाही, तर खारं पाणी शेतात रोज येऊ लागतं. खाऱ्या पाण्याबरोबर तिवरांच्या बिया येतात आणि चिखलात रुजतात. चार-पाच वर्षांत सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या जागी तिवरांचं रान उभं राहतं. एकदा तिवर आले की ती जागा किनारा नियमन क्षेत्राच्या म्हणजे सीआरझेडच्या सगळ्यात कडक वर्गात मोडते. मुंबई उच्च न्यायालयानं १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडण्यावर पूर्ण बंदी घातली आणि कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. जमीन खासगी मालकीची असली तरी ही बंदी लागू आहे. फक्त सार्वजनिक हितासाठी आणि तेही न्यायालयाच्या परवानगीनं अपवाद होतो.

म्हणजे शेतकऱ्याच्या हातून जमीन दोनदा जाते, आधी पाण्यानं आणि मग कायद्यानं. रायगडमध्ये पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे, आणि ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठालाही ते लागू आहे. यात तिवरांचा दोष नाही. उधाणाचा मार बांधावर बसायच्या आधी तिवरच झेलतात, मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. बांधाच्या बाहेर तिवर असले तर बांध टिकतो. तिवर बाहेर आणि भात आत, ही मांडणी मोडली की भांडण सुरू होतं. म्हणून खांड गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती बुजवणं याला पर्याय नाही. त्या वेळी तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा करून घ्यावा, खांडीचा तारीख-तिथीसह फोटो आणि मोबाईलवरचं ठिकाण जपून ठेवावं, ग्रामसभेचा ठराव करून खारभूमी कार्यालयाला आणि तहसीलदारांना द्यावा. पुढे कधी 'इथं आधीपासून कांदळवन होतं' असा वाद निघाला तर हाच कागद कामाला येतो.

जी जमीन थोडी खारावली आहे पण हातची गेलेली नाही, तिच्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. 'पनवेल' नावाच्या खार सहन करणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. सुरुवातीच्या पावसाचं पाणी खाचरात कोंडून क्षार विरघळवायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, हे जुन्या शेतकऱ्यांचंच काम तिथंही सांगतात.

सीआरझेडची रेषा कल्याणपर्यंत कशी आली?

'आमच्याकडे समुद्र नाही, मग सीआरझेड कसा?' हा प्रश्न भिवंडी-कल्याणच्या अनेक गावांत ऐकू येतो. उत्तर पाण्याच्या खारेपणात आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम क्षार जिथपर्यंत सापडतात, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव धरला जातो आणि तिथपर्यंत नियम लागू होतात. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी ते अंतर होतं. २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी असं कमी केलं.

अंतर कमी झालं म्हणून खूश होणारे बरेच आहेत. पण कायद्याची रेषा मागे सरकली तरी पाण्याची सरकत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागानं किनाऱ्याची झीज आणि वाढती समुद्रपातळी धरून एक 'धोका रेषा' आखली आहे. २०१९ च्या नियमानुसार ती बांधकाम अडवण्यासाठी नसून आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी आहे. म्हणजे परवानगी मिळाली याचा अर्थ जागा सुरक्षित आहे असा होत नाही. खाडीकाठी गुंठा घेणाऱ्यानं हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारावेत.

नदीकडून आलं तर दुसऱ्या दोन रेषा आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, बाग-मैदान चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. आणि '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे २००५ ला आला, आता २१०५ ला येईल, असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ.

आराखडा कुणाचा, पाणी कुणाचं

या सगळ्या पट्ट्याचं एकत्र नियोजन कागदावर मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेत होतं. पहिली योजना १९७३ ची, दुसरी १९९६ ते २०११ साठी, आणि आताची २०१६ ते २०३६ साठीची एमएमआरडीएनं केलेली, जी २०२१ मध्ये मंजूर झाली. त्याखाली ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी या महापालिकांचे स्वतंत्र विकास आराखडे. भिवंडी तालुक्यातल्या ६० गावांसाठी एमएमआरडीए स्वतःच नियोजन प्राधिकरण. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावं तर १९८३ ला पालिकेत गेली, २००२ ला बाहेर आली, २०१५ ला पुन्हा आत. बांध खारभूमीकडे, पूररेषा जलसंपदाकडे, तिवर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, रेती महसूलकडे.

पाण्याला या हद्दी माहीत नाहीत. भिवंडीच्या बाजूला गोदामांसाठी खाचरात भराव टाकला की पूर्वी तिथं पसरणारं पाणी समोरच्या काठाला जातं. रस्त्याच्या भरावात पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत की रस्ताच नवा बांध बनतो, फक्त त्याला उघाडी नसते. खाडीत सक्शन पंपानं रेती उपसली की पात्र खोल होऊन काठ ढासळतो आणि भरतीचं पाणी जास्त जोरानं आत येतं. प्रत्येक काम वेगळ्या कार्यालयाच्या परवानगीचं, काही तर विनापरवानगीच. नुकसान मात्र एकाच खाडीत जमा होतं.

हॉलंडमध्ये अशाच प्रश्नावर बांध उंच करत जाण्याऐवजी काही ठिकाणी नदीला पसरायला जागा परत देण्याचा कार्यक्रम २००० नंतर राबवला गेला. तिथं शेतकऱ्यांना आधी मोबदला आणि उंच जागेवर घरं दिली. आपल्याकडे खाडीला जागा सोडायची भाषा करायची असेल तर तोच क्रम लागेल.

नळाच्या पाण्याचा प्रश्न

याची चर्चा सगळ्यात कमी होते. कल्याणजवळ मोहने-शहाड भागात उल्हासमधून उचललेलं पाणी कल्याण-डोंबिवलीसह ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांत जातं. मोहनेचा बंधारा खालचं खारं आणि वरचं गोडं पाणी वेगळं ठेवतो. उन्हाळ्यात नदीचा स्वतःचा प्रवाह जवळजवळ आटतो, तेव्हा बारवी धरणातून सोडलेलं आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रातून येणारं आंध्र धरणाचं पाणीच नदी वाहती ठेवतं. गोड्या पाण्याचा हा दाब कमी पडला आणि खालून भरती वर चढत गेली की खारेपण बंधाऱ्याच्या पायाशी येऊन थांबतं. काठावरच्या विहिरी आणि बोअर आधी मचूळ होतात. मे महिन्यात विहिरीचं पाणी चवीला बदललं तर पंचायतीनं ते तपासून नोंद ठेवावी, दर वर्षी त्याच महिन्यात आणि त्याच विहिरीची. दहा वर्षांची अशी वही कुठल्याही मोठ्या अहवालापेक्षा गावाच्या जास्त उपयोगाची.

कुठं जायचं?

पूर किंवा भरतीत अडकल्यास जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा टोल फ्री क्रमांक १०७७. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, गावाचा आपत्ती आराखडा त्यांच्याकडे पोहोचलेला असावा. तिवरांची तोड किंवा त्यावर भराव दिसला तर तहसीलदार, पोलीस ठाणे किंवा कांदळवन कक्ष, शक्यतो लेखी आणि फोटोसह. बांध आणि उघाडीसाठी ठाण्याचं खारभूमी कार्यालय. उघाडीच्या दारांची पाहणी मे महिन्यातल्या भांगाच्या दिवसांत करावी, तेव्हा पाणी सगळ्यात कमी हलतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. प्रादेशिक योजना किंवा विकास आराखड्यात बदल प्रस्तावित झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते आणि जाहिरात वर्तमानपत्रात छापून येते. ती मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला कायद्यानं फारसं वजन राहत नाही, म्हणून ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) दर महिन्याच्या सभेत याची विचारणा करणं सोपं पडतं.